हेर्लेकरबाईंची बुडी

"श्वास चोरू नकोस," कृष्णाताई म्हणाल्या. "ऐकू आला पाहिजे. हं... आणि मग बुड."

मी पुन्हा मुलतानीचा निषाद धरला, छातीतून 'हं' काढला आणि वरच्या सावर पाय ठेवता ठेवता आवाज आत ओढून घेतला. नीट जमला तर तो सा लागतो आणि लगेच लांब जातो. गाणारा तिथंच बसलेला असतो, सूर मात्र आडाच्या तळाशी गेल्यासारखा वाटतो. तीन-चार वर्षं मी त्याच्या मागे होते आणि नीट जमला, असं ताई एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी हसलं.

कोपऱ्यात भिंतीला टेकून शिदोबा पैलवान बसले होते. ऐंशी ओलांडलेला अवाढव्य देह, डोक्याला पटका, आणि दोन्ही कान तालमीत मोडून भज्यासारखे गोळा झालेले. त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं ते कागवाडहून मिरजेला आले होते. दुसऱ्या दिवशी दाजीबुवा कागवाडकरांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम होता आणि बुवांबरोबर हिंडलेला माणूस म्हणून समितीच्या चिप्रीकर वकिलांनी त्यांना चार आठवणी सांगायला बोलावलं होतं. वकिलांच्या घरी पाहुण्यांची दाटी, म्हणून जेवायला आणि दुपारच्या विसाव्याला त्यांची रवानगी ताईंकडे झाली होती.

ताईंच्या शिकवणीत खोकलासुद्धा खपत नसे. पण हे पाहुणे पडले.

"काय झालं पैलवान?"

"काय न्हाई बाईसाब. ह्या पोरीचा त्यो हं."

"त्याचं काय?"

"त्यो माजा हाय," शिदोबा म्हणाले आणि पुन्हा पोट धरून हसले.

मीही हसले असते. पण ताईंचा चेहरा पाहिला आणि तंबोऱ्यावरचा माझा हात थांबला.

हे एवढं का लागलं, ते कळायला ताई कोण होत्या हे सांगायला हवं. नमनाला घडाभर तेल जाळत नाही, थोडक्यात सांगते. कृष्णाताई हेर्लेकरांना गुरू नव्हता. लहानपणी त्या दाजीबुवांच्या दारात गेल्या होत्या, वडिलांचा हात धरून. बुवा आजारी होते. ओसरीवर बसलेल्या त्यांच्या शिष्यानं, म्हणजे नरहरबुवांनी, "इथं बायकांना शिकवत नाहीत" म्हणून पायरीवरूनच परत पाठवलं. त्याच वर्षी बुवा गेले. मागे उरली ती त्यांची एकच तबकडी. एका बाजूला मुलतानी, दुसऱ्या बाजूला एक भजन. ताईंच्या वडिलांनी कुणाचा तरी जुना भोंग्याचा फोनो आणला आणि ती तबकडी आणली. त्या फोनोसमोर बसून ही मुलगी गाणं शिकली.

आता त्या काळच्या तबकडीत ऐकू येतं ते काय, हेही सांगते, कारण हल्ली कुणाला ठाऊक नसतं. आधी खरखर. भडभुंज्याच्या कढईत वाळू तापावी तशी अखंड खरखर. तिच्या पलीकडे कुठेतरी बुवा. तंबोरा जवळजवळ नाहीच. तबला म्हणजे शेजारच्या घरात कुणीतरी पाट मांडतंय. पेटी मात्र अगदी कानाशी, नको इतकी. आवाजाचं हाडच तेवढं राहिलेलं, मांस सगळं गेलेलं. अशा आवाजातून ताईंनी आलाप वेचले, ताना वेचल्या, तांदळातले खडे वेचावेत त्याच्या उलट, खड्यांतून तांदूळ. सुया बोथट झाल्या, तबकडीचा काळा रंग जाऊन ती राखी झाली, पण मुलतानी अंगात भिनला.

आणि त्या तबकडीत, वरच्या साला, बुवा आधी 'हं' असा श्वास घेत आणि मग आवाज खोल बुडवत. तीच पुढे ताईंची खूण झाली. लोक 'हेर्लेकरबाईंची बुडी' म्हणायचे. पुण्याच्या एका समीक्षकानं त्या बुडीवर लेख लिहिला होता. शिखरावर पोचलेला जीव तिथं नम्र होतो, असं काहीसं त्यात होतं. समीक्षकांना सुतावरून स्वर्ग गाठायची सवय असतेच. पण खरं सांगते, ताईंची बुडी ऐकताना माझ्याही अंगावर काटा यायचा.

नरहरबुवा मात्र ताईंना 'तबकडीची गायिका' म्हणत. चारचौघांत म्हणत. गंमत अशी, की बुडीचं नाव झाल्यावर काही वर्षांनी नरहरबुवाही वरच्या साला बुडायला लागले. दाजीबुवांनी मला हे एकांतात दिलं, असं सांगायचे.

तर शताब्दीच्या त्या निमंत्रणपत्रिकेवर पहिल्यांदाच छापलं होतं, 'दाजीबुवांच्या शिष्या कृष्णाबाई हेर्लेकर'. ताईंनी ती पत्रिका देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या पाठीशी उभी करून ठेवली होती. रोज पूजा करताना तिच्यावरही हळदीकुंकू पडत होतं. हेच तेवढं त्यांना आयुष्यात हवं होतं आणि आता ते एका रात्रीवर आलं होतं.

"तुमचा म्हणजे?" ताईंनी विचारलं.

शिदोबांना कुणी गोष्ट विचारली की त्यांचं वय उतरत असे. ते भिंतीपासून सुटले, मांडी ठोकून पुढे सरकले.

"मुंबैची गोष्ट हाय. सायबाचं यंत्र आलंवतं. बुवास्नी बोलावणं आलं. बुवा म्हनले, शिद्या, तू चल, आगगाडीत माजं सामान कोन उचलनार? गेलो. गिरगावात एका माडीवर सगळं मांडलंवतं. खिडक्या बंद, दारं बंद, आत ह्यो उकाडा. आन भितीतनं भायेर एक मोठा भोंगा आल्याला. बुवांनी त्येच्यात तोंड घालून गायचं."

"ते ठाऊक आहे मला," ताई म्हणाल्या.

"फुडचं ठाऊक न्हाई. बुवांचा आवाज कसला! बुवा खालचं गायला लागले की सायबाला काय ऐकूच येईना. आन वर गेले की तबकडीच्या मेनावरची सुई उडायची. थाड करून! तबकडी फुकट. मेन तासून फिरनं नवी. दोनदा झालं, तीनदा झालं. बुवा तर गायला बसले की कुनाचं ऐकत न्हाईत. सायब म्हनला, वर जाताना मान मागं घ्या. बुवा म्हनले, मी गातोय का कवायत करतोय? मग सायबाची नजर माज्यावर गेली."

शिदोबांनी आपल्या दोन्ही दंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिथं आता नुसती कातडी लोंबत होती, पण त्यांना काही ती दिसत नव्हती.

"बुवांच्या कमरेला शेला बांदला. दोन टोकं माज्या हातात. खालचं गायला लागले की म्या फुडं ढकलायचं, वर चढायला लागले की मागं वढायचं. पैलवानाला हिसका मारताना तोंडातनं हं निघतोच. दाबून दाबून किती दाबनार? सायब डोळं वटारायचा. पर त्यो गेला तो गेलाच, मेनात."

मग ताई उठल्या. पलीकडच्या खोलीतून त्यांनी फोनो आणला. मला हात लावू दिला नाही. चावी दिली, नवी सुई लावली, तबकडी ठेवली. खरखरीमागून बुवा आले. आलाप, चीज, मग चढण. निषाद.

हं.

"ह्यो!" शिदोबा ओरडले. त्यांनी ती तबकडी उभ्या जन्मात ऐकलेली नव्हती. कागवाडात फोनो कुणाकडे होता? "ह्यो मीच! अगं आई आई, अजून हाय की आत!" आणि त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत घळकन पाणी आलं.

ताईंनी सुई उचलली.

"श्वास तुमचा असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "बुडी बुवांची आहे."

"बुडी कसली बाईसाब? म्या मागं वढला त्येस्नी."

"बुवा तिथं आवाज आत घेत असत."

"बुवा आन आत? त्यो सा लावला की माडीची तावदानं थरथरायची. म्हनून तर वढायचा."

"दाखवा," ताई म्हणाल्या.

त्यांनी फोनोवरचा भोंगा उतरवला. तोंडाच्या पातळीला येईल असा खुंटीला दोरीनं बांधला. निमुळतं टोक माझ्याकडे केलं आणि म्हणाल्या, "कुमे, इकडे ये. इथं कान लाव. डोळे मीट आणि मी विचारीपर्यंत उघडू नकोस."

शिदोबा गडबडले. "बाईमानसाला हात कसा लावू?"

"बुवांना तरी हात कुठं लावला होतात?" ताईंनी स्वतःची शाल कमरेभोवती घेतली आणि दोन्ही टोकं मागे त्यांच्या हातात दिली. देव्हाऱ्याकडे हात जोडून शिदोबांनी ती धरली.

मी भोंग्याच्या टोकाला कान लावला. आता माझा कान म्हणजे ती सुई. डोळे मिटल्यावर आधी नुसता पत्र्याचा वारा ऐकू आला. मग ताई आल्या. पण माझ्या ओळखीच्या ताई नव्हेत. पातळ, नाकातल्या, लांबच्या. समोर हातभर अंतरावर गात होत्या आणि वाटत होतं, कुणीतरी पन्नास वर्षांपलीकडून गातंय. त्यांनी खर्जाकडून चढायला सुरुवात केली. ग, म, प. निषाद. तो निषाद त्यांनी असा लावला, की मी कान मागे घेतला असता. आज त्या काही राखून ठेवत नव्हत्या.

हं.

आणि सा बुडाला.

तोच. तसाच. ज्याच्यामागे मी तीन-चार वर्षं घालवली होती, तो अगदी बिनचूक, आडाच्या तळाचा सा. मी आयुष्यात ऐकलेली सगळ्यांत चांगली बुडी, आणि ती एका पैलवानाच्या हिसक्यानं लागली होती.

"उघड डोळे," ताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. पदर सावरत त्या समोर आल्या. "काय ऐकलंस?"

'काही कळलं नाही' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. माझ्या मनात ते येऊन गेलं. पण त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की गाणाऱ्याला नरडं नसलं तरी चालेल, कान खोटा नको.

"बुडी," मी म्हणाले.

"तशीच?"

"तशीच, ताई."

"मी आवाज आत घेतला नव्हता. पूर्ण सोडला होता."

"हो."

त्यांनी मान हलवली. भोंगा खुंटीवरून सोडवला, पदरानं पुसला, जागेवर बसवला. मग म्हणाल्या, "पैलवान, हातपाय धुऊन घ्या. भाकरी टाकते." पंगतीत त्यांनी शिदोबांना आग्रह करून करून वाढलं. स्वतः ताकभात कालवला आणि तसाच ठेवला.

संध्याकाळी वकिलांचा माणूस शिदोबांना न्यायला आला तेव्हा मी दारापर्यंत गेले.

"आजोबा, ही गोष्ट उद्या सांगू नका."

"का गं?"

"ताईंचं नुकसान होईल. लोक हसतील त्यांना."

"म्हंजी खोटं बोलू व्हय?"

"खोटं नको. नुसतं बोलू नका."

शिदोबा दारातच उभे राहिले. एवढा मोठा देह, पण चेहरा एखाद्या पोराच्या हातातली जिलबी काढून घ्यावी तसा झाला. "पोरी, बुवांच्या गान्यातलं मला काय कळत न्हवतं गं. लोक इचारत्यात, पैलवान, तुमी बुवांबरूबर काय केलंसा? माज्यापाशी ही एकच गोष्ट हाय."

त्यांनी पटका नीट केला. "बरं," म्हणाले. "न्हाई सांगत." आणि काठी टेकत गेले.

मी आत आले तर ताई माजघरात दिवा न लावता बसल्या होत्या. दार तिथून चार हातांवर. त्यांनी ऐकलं की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचा हॉल भरला. दाजीबुवांच्या तसबिरीला हार, पुढे समई, आणि पहिल्या रांगेत नरहरबुवा, रेशमी उपरणं घेऊन. चिप्रीकर वकिलांनी प्रास्ताविक केलं, ते वकिलाच्या प्रास्ताविकाइतकंच लांबलं. मग शिदोबांना उभं केलं. त्यांनी ध्वनिक्षेपकाकडे संशयानं पाहिलं. बुवा दूध किती पीत, बुवांना शंकरपाळे कसे आवडत, एकदा बुवा म्हशीवर कसे ओरडले, एवढं सांगून ते अडखळले. हॉलभर नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली.

"झालं," म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या पडल्या, बेताच्या.

ताई मंचावर येऊन बसल्या. मी मागे तंबोऱ्यावर. जोडीच्या तारा जुळल्या, तबलजीनं हातोडी खाली ठेवली. वकील शाल घेऊन तयारीतच होते; आधी सत्कार, मग गाणं, असं ठरलं होतं. ताईंनी हातानंच त्यांना थांबवलं.

"शिदोबा," त्या म्हणाल्या, "मुंबईची गोष्ट राहिली."

शिदोबांनी मान खाली घातली. मग चोरून माझ्याकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नका. मी सांगतेय. गायच्या आधी मला ती सगळ्यांबरोबर ऐकायचीय."

मग काय! शिदोबा असे उठले, की काठी तिथंच राहिली. भोंगा आला, साहेब आला, उडालेली सुई आली. शेल्याची टोकं धरून त्यांनी मोकळ्या हवेला असा हिसका दिला, की लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. 'हं' त्यांनी ध्वनिक्षेपकात काढला. हॉल खदाखदा हसला. आणि मग, पाणी जमिनीत मुरावं तसं ते हसू हळूहळू बसत गेलं, कारण एकेकाला उमगायला लागलं, की हा 'हं' आपण कुठं ऐकलाय. नरहरबुवांनी चष्मा काढला आणि उपरण्याच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. वकिलांच्या हातातली शाल घडी मोडून लोंबायला लागली.

"ऐकलंत?" ताई म्हणाल्या. "आता पत्रिकेवर माझ्या नावाआधी जे छापलंय, तेवढं वगळून वाचा. बुवांचा सा मी कधी ऐकलाच नाही. मी ऐकला तो हा पैलवानांचा."

माझं तारेवरचं बोट थांबलं होतं. त्यांनी मागे न बघताच बोटानं खूण केली, छेड. मी छेडला.

मुलतानी सुरू झाला. मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणी मागितलं होतं हे खरं? ज्याच्यापाशी ही एकच गोष्ट होती, तो म्हातारासुद्धा गप्प बसायला तयार होता! गाणं मात्र चढत होतं. निषाद आला. ताईंनी श्वास घेतला, कुणालाही ऐकू न येणारा, आणि वरचा सा सरळ, उघडा, पूर्ण लावला. आदल्या दिवशीचा तो हिसका सोडला तर त्या जागी त्यांचा आवाज आयुष्यात कधी उभाच राहिला नव्हता. तो थरथरला आणि मधोमध चिरला.

ताई थांबल्या. शिदोबांकडे वळल्या. "असा होता?"

"न्हाई बाईसाब," शिदोबा तिथूनच म्हणाले. "बुवांचा भित हालवायचा."

"मग तो त्यांच्यापाशी राहू दे," ताई म्हणाल्या, आणि मला त्यांच्या आवाजात हसू ऐकू आलं. खरंच ऐकू आलं.

त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. ह्या वेळी घाई नव्हती. ग, म, प, वाटेतल्या प्रत्येकाची विचारपूस करत त्या वर गेल्या. निषादावर थांबल्या. 'हं' आला नाही. आणि मग सा लागला आणि बुडाला. भोंगा नव्हता, शेला नव्हता, सुई उडायची भीती नव्हती. ताईंची पाठ तसूभरही मागे आली नाही. त्या आपण होऊन खाली उतरल्या, कितीतरी खोल, आणि तिथं राहिल्या. इतका वेळ राहिल्या, की तबलजी सम विसरला. आदल्या दिवशी भोंग्यातून आलेली ती बिनचूक बुडी मला आठवली. हिच्यापुढे ती म्हणजे नुसता हिसकाच होता.

कार्यक्रमानंतर शिदोबा पटक्याच्या सोग्यानं तोंड पुसत माझ्याशेजारी आले. "पोरी," ते हळूच म्हणाले, "बुवास्नी ह्ये आलं नसतं." मग इकडेतिकडे पाहून, "त्येंच्या फोटोम्होरं बोलू ने, पर खरंच आलं नसतं."

हे मी ताईंना सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, ते त्यांच्या मागेच उभे राहून बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी शिकवणीला गेले. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा एकटीच होती. पत्रिका गवारीच्या शेंगांखाली पसरलेली होती आणि ताई तिच्यावर शेंगा मोडत होत्या. 'बस' म्हणाल्या. मी तंबोरा घेतला, मुलतानी सकाळचा नव्हे, पण त्यांनी तोच म्हण म्हणून सांगितलं. मी चढत चढत निषादावर आले आणि थांबले. आता त्या म्हणतील, 'श्वास ऐकू आला पाहिजे.' आता म्हणतील, 'बुड.' ताई शेंगा मोडत राहिल्या.

"पुढे काय करू?" मी विचारलं.

"मला काय विचारतेस?"

"बुडू की नको?"

"ते माझं झालं, कुमे. तुझं काय?"

इतकी वर्षं कुणीतरी सांगेल तिथं थांबायची, कुणीतरी म्हणेल तिथं बुडायची सवय. समोर नुसता सा, आणि त्याचं काय करायचं ते मलाच ठाऊक नाही. मी निषाद पुन्हा धरला आणि तिथंच घुटमळत राहिले, पुढे जाईना, मागे येईना.

ताई उठल्या. हात पदराला पुसत माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओढणार.

त्यांनी माझ्या पाठीवर तळवा टेकला आणि मला हलकेच पुढे ढकललं.